‘नंतर बघू’ नावाचा फोल्डर

हॉस्पिटलात त्यांना सगळे जपूनराव म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. हे दुसरं नाव पडलं ते त्यांच्या एका उत्तरामुळे. यंत्रांबद्दल काहीही विचारा, त्या पंपाची माहिती कुठे मिळेल, या दिव्याचा नकाशा आहे का, जपूनराव खिशातून फोन काढत, अंगठ्याने पडदा वर सरकवत आणि म्हणत, "आहे ना. जपून ठेवलंय."

आणि खरंच ठेवलेलं असे. इंटरनेटवर कामाचं काही दिसलं की त्याला खूण करून ठेवायची, म्हणजे बुकमार्क करायचा, ही त्यांची जुनी सवय. यंत्रदुरुस्तीची खोली तळघरात आणि यंत्रं वर सगळ्या मजल्यांवर. त्यामुळे खाली कॉम्प्युटरवर केलेली खूण वर फोनमध्ये आपोआप उगवते, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून जपूनराव त्या सोयीचे भक्तच झाले. खुणा लावायची पद्धतही त्यांची स्वतःची. यंत्रांच्या नावाने फोल्डर करणं त्यांना जमलं नाही, कारण फोन करणाऱ्या नर्सला यंत्राचं नाव कधीच ठाऊक नसे. ती म्हणे, "ते रडतंय हो," म्हणजे पाणी गळतंय. किंवा "ओरडतंय", किंवा "रुसलंय". म्हणून फोल्डरांची नावंही तीच: ‘रडतंय’, ‘ओरडतंय’, ‘रुसलंय’, ‘तापलंय’. एखाद्या बालवाडीच्या हजेरीसारखी ती यादी दिसायची.

या सगळ्यांत लठ्ठ फोल्डर शेवटचा. त्याचं नाव ‘नंतर बघू’.

माणसाच्या स्वभावाचा हा एक मोठा गमतीचा भाग आहे. एखादी गोष्ट जपून ठेवली की ती आपल्याला आली, असं त्याला वाटायला लागतं. जपूनरावांच्या ‘नंतर बघू’मध्ये अर्ध्या जगाचं ज्ञान होतं आणि त्यातलं निम्मंही त्यांनी उघडलेलं नव्हतं. तरी तो फोल्डर खिशात आहे एवढ्यावर त्यांना शांत झोप लागे.

दुसरी सवय घरातली. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर त्यांनी स्वतःचंच खातं उघडून दिलेलं होतं. बायकोच्या, थोरल्या बहिणीच्या, सगळ्यांच्या. "एका घराला चार कुलपं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बहिणीचे विणकामाचे नमुने, बायकोच्या कसल्या कसल्या औषधी वनस्पती आणि जपूनरावांचे गळके पंप एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदत. बहीण अधूनमधून कुरकुरायची. "अरे धाकट्या, मी मोज्याची टाच शोधायला गेले तर मला बॉयलरचं पोट दिसलं." जपूनराव म्हणायचे, "राहू दे गं, तुझं काय खातंय ते?"

आज ताई त्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होती. पोटात गाठ होती आणि ती काढायची होती. ही तारीख तिसरी. पहिल्या वेळी ताईचं ब्लडप्रेशर चढलं म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरच आले नाहीत. ते बाहेरगावचे, मोठे सर्जन, अधूनमधून येऊन दिवसभर ऑपरेशनं करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. गाठ मात्र तारखांकडे लक्ष न देता आपली वाढत होती. "आता आणखी लांबवू नका," असं सर्जननी गेल्या खेपेला फोनवर सांगितलं होतं, जणू लांबवणारे जपूनरावच होते.

ताईचं ऑपरेशन जेवणानंतरचं पहिलं. आणि सकाळचं ऑपरेशन चालू असतानाच मेट्रनबाईंचा तळघरात फोन आला.

"जपूनराव, ऑटोक्लेव्ह रुसलाय. वर या. आत्ता."

ऑटोक्लेव्ह म्हणजे ऑपरेशनची हत्यारं दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करणारी लोखंडी टाकी. माणूस उभा मावेल एवढी, पुढे जाडजूड गोल दार, दाराला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. आत दाब असेपर्यंत एक खिळा चाकाला अडवून धरतो आणि दार उघडत नाही. हॉस्पिटलात अशा दोन टाक्या होत्या. दुसरी कित्येक महिने एका सुट्या भागाची वाट बघत उभी होती. पहिली बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

जपूनराव वर पोचले तेव्हा मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभ्या होत्या. मेट्रनबाई उंच, बोलणं तोडून, आणि चूक कोणाचीही असली तरी ती समोरच्याची आहे अशा नजरेने बघणाऱ्या.

"दुपारची सगळी हत्यारं आत आहेत," त्या म्हणाल्या. "चक्र संपून किती वेळ झाला. दार उघडत नाही. काटा तर शून्यावर आहे."

पुढचा काटा खरोखर शून्यावर होता. जपूनराव टाकीच्या मागे गेले. तिथे भिंतीकडच्या बाजूला दुसरा दाबमापक होता, जो कोणी बघत नसे. त्याचा काटा शून्यावर नव्हता. चांगला वर होता.

पुढचा म्हणत होता, आत काही नाही. मागचा म्हणत होता, आत वाफ आहे. खिळा मागच्याच्या बाजूने होता, पण खिळेही चुन्याने अडकतात.

"तुमच्याकडे ती किल्ली असते ना?" मेट्रनबाई म्हणाल्या. "खिळा हाताने मागे ओढायची? मग ओढा की."

किल्ली जपूनरावांच्या खिशात होती. आत वाफ नसेल तर चाक फिरवायचं, दार उघडायचं, हत्यारं बाहेर. आणि असेल तर ते दार उघडणार नाही, उडेल. तसं उडालेलं दार कुठवर जातं याच्या गोष्टी या धंद्यात सगळ्यांना माहीत असतात. त्या सांगणारा माणूस सहसा त्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो.

"थांबलं तर?" मेट्रनबाईंनी विचारलं. "गार होईलच ना आपोआप?"

"होईल. संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळी डॉक्टर गाडीत असतील." मेट्रनबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "पुढचं ऑपरेशन तुमच्या ताईंचं आहे. माहितीये ना?"

जपूनरावांना माहीत होतं. त्यांना आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि ती आठवून त्यांना हायसं वाटलं. याच गोष्टीवर एक पान होतं. त्यांच्याकडे होतं. जपून ठेवलेलं.

ते पान मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे जपूनरावांच्या आधी या टाक्या सांभाळणारा म्हातारा, ज्याच्या हाताखाली ते शिकले. निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी आयुष्यभराचं शहाणपण एका वेबपानावर लिहून काढलं. पण ते पान शोधून सापडणारं नव्हतं. ज्याला पत्ता दिला त्यालाच ते उघडायचं. "रस्त्यावरून जाणाऱ्याला कशाला?" मिस्त्री म्हणाले होते. "ज्याला दिलं त्याने वाचावं." त्यांनी जपूनरावांना पत्ता पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला, ‘वाच’. जपूनरावांनी ताबडतोब खूण केली आणि कळवलं, ‘जपून ठेवलंय’. त्यावर मिस्त्रींचं उत्तर आलं, ‘वाच म्हटलं. ठेव नाही म्हटलं.’

ही गोष्ट झाली त्याला बरीच वर्षं झाली. तो फोन पुढे पाण्याच्या बादलीत पडून गेला, त्याच्याबरोबर तो निरोपही. मिस्त्रीही गेले. पण खूण होती. ‘नंतर बघू’मध्ये तिचं शीर्षक दिसायचं, पानाचं पहिलंच वाक्य, यादीत मावेल तेवढं: ‘दोन काटे भांडले तर...’

पुढे तीन टिंबं. त्या टिंबांच्या पलीकडे जपूनराव कधी गेले नव्हते.

त्यांनी फोन काढला, पडदा सरकवला आणि ‘नंतर बघू’वर बोट ठेवायला गेले. बोटाखाली काही नव्हतं. ‘नंतर बघू’ नव्हता. ‘रुसलंय’ नव्हता. ‘रडतंय’, ‘ओरडतंय’, सगळी बालवाडी सुटून घरी गेलेली. यादी धुतलेल्या पाटीसारखी स्वच्छ होती.

"सापडलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"जरा... खाली कॉम्प्युटरवर बघून येतो. याला कोणी हात लावू नका."

ते जिना जवळजवळ उडतच उतरले. दुरुस्तीच्या खोलीतला कॉम्प्युटर नवा होता, महिन्यापूर्वीच आलेला, आणि त्याने मोठ्या तत्परतेने तीच स्वच्छ यादी दाखवली. इतकी वर्षं ज्या सोयीची ते तारीफ करत होते, तिचा दुसरा अर्थ आता त्यांना कळला. एका ठिकाणी ठेवलं की सगळीकडे राहतं. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं.

पण पुसलं कोणी?

खातं चौघांच्या फोनवर होतं. त्यांतला एक फोन या क्षणी याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होता.

ताई हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून उशीला टेकून बसली होती. शेजारी स्टुलावर जपूनरावांची बायको होती. ताईचा चेहरा नुकतं घर आवरून झालेल्या बाईसारखा होता, दमलेला आणि समाधानी.

"ये रे धाकट्या. एवढा धापा का टाकतोयस? लिफ्ट पण रुसली का?"

जपूनरावांनी भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. ब्लडप्रेशरचा पट्टा ताईच्या दंडावर होता. मघाशीच नर्स म्हणून गेली होती, आकडा ठीक आहे, फक्त आता कोणी काही वेडंवाकडं बोलू नका. हत्यारं टाकीत अडकलीत हे ताईला कळलं तर तो आकडा कुठे जाईल हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. जपूनरावांनी चेहऱ्यावर हसू आणलं. ते कोणीतरी उसनं दिल्यासारखं दिसत होतं.

"काही नाही गं. सहज आलो. फोन बघू तुझा."

"बघ की. चकाचक केलाय. सकाळपासून नुसतं पडून काय करायचं? म्हटलं आत जायच्या आधी आवरून ठेवावं. काही बरंवाईट झालं तर लोक म्हणायला नकोत, बाईने केवढा पसारा मागे ठेवला."

"वन्सं, असं बोलू नका हो," बायको म्हणाली.

"अगं, गंमत. फोटो काढून टाकले, ते सकाळचे फुलांचे निरोप काढून टाकले. आणि ती तुझी यादी! अरे किती ते भंगार! रडतंय काय, ओरडतंय काय. मी म्हटलं हे माझ्या फोनात कशाला? सगळं धरलं आणि टाकलं. एका झटक्यात. किती हलकं वाटलं म्हणून सांगू."

"छान केलंस," जपूनराव म्हणाले.

फोन हातात घेऊन त्यांनी जिथे जिथे ‘परत आणा’ असं काही असू शकतं तिथे बघितलं. नव्हतं. ताई काम अर्धवट सोडणाऱ्यांतली नव्हती.

"काही कामाचं नव्हतं ना त्यात?"

"छे."

यंत्रावरचा आकडा ठीक होता. आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या हत्यारांवर आज ताईचा जीव अवलंबून होता ती बाहेर काढायची युक्ती ताईनेच, निघण्याआधी घर झाडावं तशी झाडून उकिरड्यावर टाकली होती. आणि खातं तिच्या फोनात उघडून देणारा शहाणा कोण, हेही जपूनरावांना चांगलं ठाऊक होतं.

ते बाहेर आले. पाठोपाठ बायको आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"अहो, काय झालंय? तुमचं तोंड बघून मलाच पट्टा बांधायची वेळ आलीय."

त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बायको बालवाडी चालवायची, खऱ्या मुलांची, त्यामुळे घाबरलेल्या माणसाकडून नीट माहिती काढायची तिला सवय होती.

"म्हणजे एकाने पुसलं की सगळ्यांचं पुसतं. बरोबर? पण त्या सगळ्यांना कळतं कसं?"

"इंटरनेटवरून. चालू झालं, जोडलं गेलं की लगेच."

"आणि जो चालूच झाला नसेल तो?"

"तो कोण?" जपूनरावांनी विचारलं.

"तुमचा जुना डबा हो," बायको म्हणाली. "महिन्यापूर्वी नवा आला तेव्हा काढला तो. तो कुठे बंद पडून असेल तर त्याला अजून बातमी कळलेली नसेल. लांबच्या नातेवाइकासारखं. त्याच्या लेखी सगळे अजून जिवंतच."

जुना कॉम्प्युटर लाँड्रीत दिला होता. चादरींचा हिशेब ठेवणाऱ्या घडीवाल्या काकांना. आणि तो आज जोडून मिळणार होता. हे जपूनरावांना पक्कं माहीत होतं, कारण तो जोडून द्या म्हणून कॉम्प्युटर विभागाच्या मागे महिनाभर तगादा लावणारे ते स्वतःच होते.

लाँड्री इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, तळघरातच. मधे लांबलचक बोळ, ओल्या चादरींच्या ढकलगाड्या, साबणाची वाफ. जपूनरावांनी तिसऱ्या मजल्यावरूनच लाँड्रीला फोन लावला. तो वाजत राहिला. घडीवाले काका एका कानाने ऐकत, आणि त्या कानाशी कपडे पिळायचं यंत्र असे. जपूनराव धावत सुटले. धावताना आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अशी प्रार्थना केली की हॉस्पिटलचं एखादं काम आज वेळेवर झालेलं नसू दे.

काम वेळेवर झालेलं होतं. काकांच्या टेबलावर, घडी केलेल्या चादरींच्या दोन मनोऱ्यांमध्ये, कॉम्प्युटर मांडलेला होता. मागून निळी वायर भिंतीकडे गेली होती. काका खुर्चीत सरसावून बसले होते आणि त्यांचं बोट बटणावरून नुकतंच उचललं जात होतं.

"या या, जपूनराव! बघा, मुहूर्ताला आलात. आत्ताच चालू—"

जपूनराव काही न बोलता टेबलाखाली शिरले आणि निळी वायर उपटली.

"अहो!" काका ओरडले. "महिना वाट बघितली त्या वायरची!"

"काका, वायरशिवाय आणखी काही लावलंय का मागे? छोटं, बोटभर? लुकलुकणारं?"

"ते वायफायचं का काय ते? हो, त्या कॉम्प्युटर विभागाच्या बाई म्हणाल्या, वायर गेली तर हे असू दे."

म्हणजे तेही काम चोख झालेलं. जपूनरावांनी हात मागे घालून चाचपलं. बोटाला ते लागलं. पुढच्या बाजूला पडद्यावर कॉम्प्युटर जागा होत होता. हा तोच डबा, ज्याच्या संथपणाला त्यांनी आजवर न द्याव्या त्या शिव्या दिल्या होत्या. चालू करून चहा पिऊन यावं तरी हा आपला डोळे चोळत बसलेला. आत्ता तो पडद्यावरचं गोल चक्र सावकाश फिरवत होता, आणि ते लुकलुकणारं बोटभर काहीतरी खोबणीत घट्ट रुतून बसलं होतं.

"काका, काही दाबू नका!"

"मी कशाला दाबतोय? मला काय कळतंय त्यातलं?"

नख तुटलं, पण ते निघालं. जपूनराव टेबलाखालून बाहेर आले तेव्हा केसांत कापसाचे तंतू होते आणि कॉम्प्युटर नुकताच पूर्ण जागा झाला होता. खाली कोपऱ्यात लिहून आलं होतं, इंटरनेट नाही. इतकं गोड वाक्य त्यांनी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं.

त्यांनी यादी उघडली. ‘रडतंय’, ‘ओरडतंय’, ‘रुसलंय’, ‘तापलंय’. मधे कुठेतरी मोज्यांच्या टाचा. सगळे जिवंत. बातमी न कळलेले. शेवटी ‘नंतर बघू’, आणि त्यात खाली, खूप खाली, ‘दोन काटे भांडले तर...’

पान इथे उघडणार नव्हतंच. पण पत्ता होता. लांबलचक, अक्षरांची आणि आकड्यांची नुसती खिचडी. जपूनरावांनी पडद्याचा फोटो काढला, पहिला हलला म्हणून दुसरा काढला, आणि निघाले.

"अहो, आणि माझी वायर?" काका मागून ओरडले.

"लावू नका! मी येईपर्यंत लावू नका, तुम्हाला शपथ आहे!"

"अहो, शपथ कसली घालताय? चादरी मोजायच्यात मला!"

तळघरात फोनला रेंज नव्हती. जिन्याच्या पहिल्या वळणावर एक रेघ आली. तिथेच पायरीवर बसून ते बायकोच्या नावाने ओरडले, मग भानावर येऊन तिला फोन केला, आणि ती खाली आली. फोटो तिच्या फोनवर पाठवला; तिने तो समोर धरला, त्यांनी स्वतःच्या फोनवर टाइप केलं. ती एकेक अक्षर बालवाडीतल्यासारखं स्वच्छ म्हणत होती. पहिल्यांदा चुकलं. पान सापडत नाही, असं आलं.

"नसेलच आता," जपूनराव म्हणाले. "मिस्त्री गेले, पान कोण ठेवतंय?"

"पुन्हा," बायको म्हणाली. "गडबड न करता."

दुसऱ्यांदा पडदा पांढरा झाला, बराच वेळ पांढराच राहिला, आणि मग मिस्त्री बोलायला लागले.

‘दोन काटे भांडले तर दोघांचंही ऐकू नको. काटे म्हणजे नातेवाईक. कोणीतरी एक खोटं बोलतोय, पण कोण ते तुला कळणार नाही, आणि बरेचदा दोघेही बोलतात. टाकीच्या पोटाखाली तपासणीचा छोटा नळ आहे. तो पाव फेरा उघड, तोंड बाजूला ठेव, आणि स्वतःच्या कानाने ऐक.’

मेट्रनबाई होत्या तिथेच होत्या. मधल्या काळात एक भूलतज्ज्ञ येऊन गेले होते, घड्याळाकडे बघून गेले होते.

"डॉक्टर विचारतायत," त्या म्हणाल्या. "हो की नाही? नाही म्हणालात तर ते आजचं रद्द करून लवकर निघतील."

"थोडं मागे सरा, बाई. भिंतीला."

जपूनराव टाकीखाली वाकले, नळ सापडला, पाव फेरा उघडला. त्यांनी कान दिला.

काही नाही. फुस्स नाही, थेंब नाही. शांत.

"बघा!" मेट्रनबाई म्हणाल्या. "मी मघापासून काय सांगतेय? पुढचा काटा बरोबर आहे. उघडा आता."

जपूनरावांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. मागचा काटा खोटा, पुढचा खरा, टाकी रिकामी. सगळं जुळत होतं. वर ताई झगा घालून बसली होती. चाकाला नुसते तीन-चार वळसे द्यायचे होते.

हातात किल्ली घेऊन त्यांनी, केवळ आज सकाळीच लागलेल्या नव्या खोडीने, पुढचं वाक्य वाचलं.

‘आवाज आला नाही तर लगेच खूश होऊ नकोस. नळातही चुना बसतो. लांब तार घे, हातमोजे घाल, टोच. मग ऐक.’

तार मिळवायला मिनिटभर गेलं असेल. मेट्रनबाईंचा श्वास त्या मिनिटभर ऐकू येत होता. जपूनराव आडवे झाले, तोंड भिंतीकडे केलं आणि तार आत सारली. काहीतरी कडक लागलं. त्यांनी पुन्हा टोचलं. काहीतरी चुरचुरलं.

आणि मग नळाने जी किंकाळी फोडली ती ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा ऐकू गेली. पांढऱ्या वाफेचा दोर फरशीवर आपटून खोलीभर पसरला. मेट्रनबाई भिंतीला टेकलेल्या होत्या त्या आणखी टेकल्या. मागचा काटा हळूहळू खाली यायला लागला. पुढचा काटा, जो सकाळपासून शून्यावर होता, तो तसाच शून्यावर बसून राहिला. कित्येक दिवसांपूर्वीच मेला होता बिचारा.

वाफ संपली. मेट्रनबाईंनी मघाशी जिथे उभं राहून ‘ओढा’ म्हटलं होतं ती जागा दाराच्या अगदी समोर होती. त्यांनी त्या जागेकडे एकदा पाहिलं.

"डॉक्टरांना सांगते," त्या म्हणाल्या. "हो म्हणून." दारातून वळून म्हणाल्या, "चहा प्यायलात का सकाळपासून?" मेट्रनबाईंच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

ताईला आत नेलं. बायको दाराशी उभी राहिली. जपूनराव बाकावर बसले. थिएटरच्या बाहेरचं बाक सगळीकडे सारखंच कडक असतं, आणि त्याच्यावर बसलेल्या माणसाला करायला काही नसतं. जपूनरावांकडे होतं. त्यांनी मिस्त्रींचं पान उघडलं आणि वाचायला लागले. पहिल्यापासून. मिस्त्री चुन्याबद्दल लिहीत होते, रबराच्या कडेबद्दल, खिळ्याला तेल कोणतं घालावं याबद्दल. मधेच एका मेट्रनबद्दल होतं, ‘उंच आहे, ओरडते, पण थिएटर तिच्यामुळे चालतं. तिच्याशी भांडू नकोस.’ थिएटरचं दार उघडून कोणी बाहेर आलं की जपूनराव उठत, तो माणूस भलताच निघे, ते परत बसत आणि सोडली ती ओळ शोधत.

शेवटी पान संपलं. सगळ्यात खाली एक टेलिफोन नंबर होता आणि एक ओळ.

‘इथपर्यंत वाचलंस तर एक फोन कर. मी घरीच असतो.’

जपूनरावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, त्यांनी नंबर लावला. एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

"कोण?"

"मिस्त्रींचा... मी हॉस्पिटलातला. त्यांच्या हाताखाली होतो. ते पान मी... शेवटपर्यंत वाचलं."

बाई म्हणाल्या, "अगं बाई. वाचलं?"

"हो. उशीर झाला."

"झाला खरा. पण तुम्ही पहिलेच हो. त्यांनी किती जणांना पाठवलं होतं! आठवडाभर फोनजवळ बसायचे. मी म्हणायची, अहो, जेवून तरी घ्या." त्या हसल्या. "सगळ्यांचं उत्तर आलं होतं तसं. जपून ठेवलंय म्हणून."

मग बाईच पुढे म्हणाल्या, "ते पान चालू राहायला दरवर्षी काय ते करावं लागतं, ते माझी नात करते. बंद करू का म्हणून विचारत होती. आता नको म्हणते तिला."

थिएटरचं दार उघडलं. या वेळी मेट्रनबाई होत्या. तोंडावरचा कपडा खाली ओढून त्या म्हणाल्या, "निघाली गाठ. पूर्ण निघाली. ताई बऱ्या आहेत." मग खिशातून काहीतरी काढून त्यांच्या हातावर ठेवलं. किल्ली. "टाकीवरच विसरलात. म्हणे जपूनराव."

दुसऱ्या दिवशी ताईला नीट जाग आली तेव्हा तिने पाणी मागितलं, आरसा मागितला आणि मग फोन मागितला.

"धाकट्या," ती बारीक आवाजात म्हणाली, "ही म्हणत होती, काल तू लाँड्रीत टेबलाखाली शिरला होतास म्हणे."

"वायर सैल होती."

"मी टाकलं त्यात काहीतरी होतं ना तुझ्या कामाचं? खरं सांग. आता नाही चढायचं माझं प्रेशर."

"एक होतं," जपूनराव म्हणाले. "पण ते वाचून झालं."

"मग झालं तर." ताईने डोळे मिटले आणि लगेच उघडले. "अरे पण, माझ्या मोज्यांच्या टाचा? त्या पण गेल्या रे त्याच्यात. एक मोजा अर्धा आहे माझा."

काल संध्याकाळी, घडीवाल्या काकांना त्यांची वायर परत जोडून देण्याआधी, जपूनरावांनी जुन्या कॉम्प्युटरवरची सगळी यादी एका पेनड्राइव्हमध्ये उतरवून घेतली होती. एका दिवसात माणूस एवढा थोडाच बदलतो. मग वायर लावली आणि काकांच्या शेजारी उभं राहून बघितलं. लांबच्या नातेवाइकाला बातमी कळायला क्षणभरसुद्धा लागला नाही. काका म्हणाले होते, "बरं झालं, पडदा मोकळा झाला."

जपूनरावांनी खिशात हात घातला.

"टाचा आहेत," ते म्हणाले. "जपून—" आणि तिथेच थांबले. "दे फोन. आधी तुझं वेगळं खातं काढू. मग बघू कुठली टाच ते. आत्ताच बघू."